भास्करची हजामत

कोल्हापुरात म्हैस कशी भादरावी हे कुणालाही विचारा, रस्त्यानं जाणारा माणूस गाडी स्टँडवर लावून सांगेल. दिवाळीच्या पाडव्याला कसबा बावड्यात, सागरमाळावर म्हशी निघतात तेव्हा बघावं. अंगावरचे केस बारीक केलेले, त्यातच नक्षी कोरलेली, शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांच्या माळा, डोक्यावर मोरपिसं आणि पाठ तेलानं इतकी चकचकीत की तिच्यात बघून भांग पाडावा. सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकलमागं ही पाच-सहाशे किलोची सुंदरी मालकाच्या एका हाकेवर धावते आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले लोक शिट्ट्या मारतात. जनावर नटवावं तर या शहरानंच.

पण तेच जनावर सहा किलोचं असलं, त्याचे पूर्वज चीनच्या राजवाड्यात वाढलेले असले आणि त्याला फक्त डोळ्यांवरचे केस जरा कमी करून हवे असले, की हेच शहर एकदम गप्प होतं. नाहीतर छापील दरपत्रक पुढं करतं.

आमच्याकडचं शित्झू जातीचं कुत्रं ही नवऱ्याच्या मित्राची मेहेरबानी. मित्राची बदली झाली, नव्या सोसायटीत कुत्रं चालत नव्हतं, आणि नवऱ्याला नाही म्हणता येत नाही. कागदावर कुत्र्याचं नाव ऑस्कर. सासूबाईंच्या तोंडी पहिल्याच दिवशी त्याचा भास्कर झाला, आणि तो त्या हाकेला शेपूट हलवत धावला, म्हणजे विषयच संपला. गावाकडं या नावाचे आमचे एक चुलत सासरे आहेत. ते मुक्कामाला आले की आम्ही कुत्र्याला हाक मारत नाही, नुसती टाळी वाजवतो.

घरात याआधी कुत्रं नव्हतं. सासूबाईंच्या माहेरी होतं, पण ते अंगणातलं. पाऊस पडला की त्याची अंघोळ, ऊन पडलं की ड्रायर. शित्झूला हे चालत नाही. लॅब्राडोरचा केस ठरावीक लांबीला येऊन थांबतो आणि मग सोफ्यावर गळतो. शित्झूचा केस फारसा गळत नाही, पण वाढायचाही थांबत नाही. रोज विंचरायचा, महिना-दीड महिन्यानं कापायचा. बदलीच्या गडबडीत मित्र एवढंच सांगायचं विसरला. श्रावण सरता सरता भास्करचे डोळे दिसेनासे झाले. सासूबाई सोप्यात भाजी निवडत बसल्या होत्या, म्हणाल्या, "अगं, पोतेरं चालत आलंय बघ."

मग त्याला घेऊन गेले एका वातानुकूलित दुकानात. काउंटरवरच्या मुलीनं रजिस्टरात 'भास्कर पाटील' असं लिहून घेतलं आणि माझ्या हातात दरपत्रक दिलं. बेसिक बाथ, हायजीन कट, फुल ग्रूमिंग, पंजांचा मसाज, मड बाथ, ब्लूबेरी फेशियल. ब्लूबेरी मी स्वतः अजून खाल्लेली नाही. एका ओळीत नुसतं 'ग्लँड' लिहिलं होतं. "हे काय असतं?" असं मी विचारलं, तर त्या मुलीनं शेपटीखालच्या दोन ग्रंथी, त्या कधीकधी कशा तुंबतात आणि मग कुत्रं फरशीवर बूड कसं घासत जातं, हे सगळं अशा स्वच्छ आवाजात सांगितलं की शेजारी बसलेल्या एक बाई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. एकूण बेरीज अठराशे. "आणि गुंता निघाला तर डीमॅटिंगचे वेगळे, तासावर." माझ्या स्वतःच्या हेअरकटला दीडशे लागतात आणि त्यातही मी 'शॅम्पू नको' म्हणते. हे शहर टोलसुद्धा देत नाही हो. २०१४ साली इथं टोलनाके पेटले होते आणि शेवटी टोलच गेला. त्या शहरात मी ब्लूबेरी फेशियलला पैसे दिले असते तर पुढच्या पिढीला काय तोंड दाखवलं असतं?

तर स्वस्तातला माणूस शोधायचा. आता कोल्हापुरात स्वस्त असं काही नसतं, ओळखीतलं असतं. फर्निचर, मंगल कार्यालय, दाताची कवळी, कशाचाही दर विचारायचा नसतो, 'कुणाचं नाव सांगू' हे विचारायचं असतं. म्हणून मी गल्लीत विचारायला सुरुवात केली आणि त्या दिवसापासून भास्करचे केस हा सार्वजनिक प्रश्न झाला.

पलीकडचे काका म्हणाले, "मुधोळ जातीचा कुत्रा घ्यायचा हुता. ओल्या फडक्यानं पुसला की झालं काम. टपाल खात्यानं २००५ ला तिकीट काढलंय मुधोळवर. तुझ्या ह्याच्यावर निघालंय का तिकीट?" मी म्हटलं, तिकीट नाही, अजून खर्चच निघतोय. चौकातल्या कट्ट्यावरून सल्ला आला की संस्थानच्या काळात या कोल्हापुरात शिकारीला चित्ते पाळायचे, आणि तुम्हांला एक कुत्रं आवरंना? चित्त्याला केस कापावे लागत नाहीत हे मी कट्ट्याला सांगायला गेले नाही, कट्ट्याशी वाद घालून कुणी जिंकलेलं नाही. आणखी एकानं पंचगंगेवर नेऊन बुडवून आणायला सांगितलं. पंचगंगेच्या पाण्याची आजची अवस्था बघता अंघोळीनंतर कुत्र्याला पुन्हा अंघोळ घालावी लागली असती.

नवरा स्वतःच्या सलूनवाल्याला विचारून आला. वीस वर्षांची ओळख, त्यामुळं भलताच आत्मविश्वास. त्या भल्या माणसानं भास्करकडं बराच वेळ बघितलं, कैची खाली ठेवली आणि म्हणाला, "दादा, कापतो मी. पण उद्या ह्या खुर्चीवर तुम्ही तरी बसशिला का?" नवरा म्हणाला, बसतो. पण बसला असता असं मला वाटत नाही.

मग सासूबाईंनी सूत्रं हातात घेतली. त्यांच्या गावात पाडव्याच्या आधी सगळ्या वाडीच्या म्हशी भादरणारा एक म्हातारा आहे. "लेकराला न्हेऊ, मामा एका चिमटीत करतोय," म्हणाल्या. नेलं. मामांनी चष्मा लावला, भास्करला उचलून उजेडात धरलं, फिरवलं, परत फिरवलं. "ह्याचं त्वांड कुठल्या अंगाला हाय?"

त्या अंगाला आहे असं मी दाखवलं. मामांनी मशीन आणलं. ते सुरू झालं तेव्हा गोठ्यातली रेडी खुंट्याभोवती फिरायला लागली आणि भास्कर माझ्या पदरात घुसला. पण मामा खरा कसबी. त्यांनी बोटानं केस बाजूला करून कातडी बघितली, चिमटीत धरून बघितली आणि मशीन बंद केलं. "न्हाई बाई. म्हशीचं कातडं येगळं. हे कागद हाय. ताणून धरल्याबिगर मशीन फिरवलं तर फाडंल, आणि हे काय मला ताणू द्यायचं न्हाई." पैसे विचारले तर हात जोडले. वर चहा दिला, आणि भास्करला वाटीभर धारोष्ण दूध, ज्याचा परिणाम आम्ही परतीच्या वाटेवर गाडीत भोगला. या सगळ्या शोधात 'मला येत नाही' असं म्हणणारा हा एकच माणूस भेटला. बाकी सगळ्यांना येत होतं.

सगळ्यांना काय येतं ते शेजारच्या गल्लीतल्या पॉमेरेनियनकडं बघून कळतं. त्याला उन्हाळ्यात कुणीतरी 'गरम होतंय बिचाऱ्याला' म्हणून झिरो मारला होता. अजून त्याच्या पाठीवर केस ठिगळाठिगळानं येतायत आणि तो बाहेर पडला की माणसं त्याला बिस्किट देतात, आजारी समजून.

म्हणून एकदा जनावरांच्या सरकारी दवाखान्यात केसपेपर काढून बसले. रांगेत माझ्यापुढं दोन शेळ्या, एक पाय अडकलेली कोंबडी आणि एक रेडकू. शेळीवाल्यानं मला विचारलं, "ह्येला काय झालंय?" मी म्हटलं, केस वाढलेत. त्यानं इतक्या दयेनं माझ्याकडं बघितलं की नंबर सोडून जावंसं वाटलं.

डॉक्टर मात्र माणूस कामाचा. त्यांच्याकडं कापून मिळत नव्हतं, पण फुकटात जे मिळालं ते कुठल्याच दरपत्रकात नव्हतं. पॉमेरेनियन, लॅब, जर्मन शेफर्ड यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, ते थंडी आणि ऊन दोन्ही अडवतात, त्यांना कधी मुळापासून भादरायचं नाही. शित्झूचे केस कापलेले चालतात. पण त्याचं नाक चपटं, दम लवकर लागतो, तेव्हा कुणी पिंजऱ्यात घालून गरम ड्रायर सोडत असेल तर तिथून उठून यायचं. कुणी 'शांत बसायची गोळी देतो' म्हणालं, तर त्याच्याआधी उठायचं. ते काम डॉक्टरचं. माणसांचा साबण-शॅम्पू नाही, कुत्र्याच्या कातडीला तो मानवत नाही, कोरडी पडून खाजते. (सासूबाईंच्या शिकेकाईचा विषय इथंच संपला. त्यांनी डॉक्टरांचं वय विचारलं.) नखाच्या आत शीर असते, काळ्या नखात ती दिसत नाही, म्हणून टोकाटोकानं कापायचं. चुकून रक्त आलंच तर कॉर्नफ्लोर दाबून धरायचं.

"आणि स्वस्तात कुठं होईल?" मी शेवटी विचारलंच.

"मॅडम, केसाचे पैसे कमी असतात. गुंत्याचे जास्त असतात," डॉक्टर रेडकाच्या कानात बघत म्हणाले.

या वाक्याचा अर्थ फुलेवाडीत कळला. तिथं एक पोरगा घरातल्याच एका खोलीत हे काम करतो, असं रांगेतल्या शेळीवाल्याच्या मेहुण्याकडून समजलं. बोर्ड नाही, एसी नाही. एक टेबल, त्यावर रबरी मॅट, एक नळ, चार कंगवे. फोनवर त्याचे प्रश्न आमचं लग्न जमवताना झाले नव्हते इतके. रेबीजची लस झालीय का, कार्ड आणा. चावतो का? ड्रायरला भितो का? यायच्या आधी दोन तास खायला घालू नका. आणि टेबलावर घेतल्यावर तुम्ही बाहेर थांबायचं, मालक दिसला की कुत्री नाटकं करतात. हे शेवटचं मला एकदम पटलं, माझा मुलगा बालवाडीत हेच करायचा.

दर नऊशे. मी सहाशेपासून सुरू केलं.

"वैनी, ब्लेडला धार लावायला किती जातात माहितंय? आणि तापतंय ते, मधे थांबावं लागतंय. घाई केली तर ह्याचं पोट भाजंल." मी सातशे म्हटलं. त्यानं भास्करच्या कानामागं बोटं घातली आणि नमद्यासारखा घट्ट झालेला गठ्ठा मला दाखवला. "हे बघा. हे असलं काखेत, कानामागं, मागच्या पायांत. ह्याला एक एक सोडवायला तास जातोय. रोज पाच मिनिटं विंचरून आणा, मी स्वतः दोनशे कमी करतो. आणि अंघोळीच्या आधी विंचरायचं, नंतर न्हवं. गुंता भिजला की आवळतोय." ओळख सांगायला माझ्याकडं शेळीवाल्याचा मेहुणा होता, त्याच्या नावाचा काही उपयोग झाला नाही, उलट त्याच्याकडून याचंच येणं बाकी निघालं. नऊशे दिले.

बाहेर पायरीवर बसले. आतून आधी भुंकणं, मग ड्रायर, मग तो पोरगा, "भास्करराव, मान वर. शाब्बास. आता डावा पाय." चुलत सासऱ्यांना इतक्या आदरानं मीही कधी बोललेले नाही. दीडेक तासानं दार उघडलं आणि बाहेर एक भलतंच कुत्रं आलं. त्याला डोळे होते! दोन, चांगले टपोरे. मान होती, पाय चार होते. एवढ्या दिवसांत तो कुठं बघत होता हे मला पहिल्यांदाच कळलं. तो बहुतेक वेळ खाऊच्या डब्याकडंच बघत होता.

घरी आल्यावर सासूबाईंनी त्याला सगळ्या बाजूंनी निरखला. नाक मुरडलं. "कापलंय झ्याक. पण तेज न्हाई अंगावर." मी आत चहा टाकायला गेले. चहाला उकळी येईपर्यंत माणूस किती वेळ आत असतो? तेवढ्या वेळात त्यांनी खोबरेल तेलाची बाटली अर्धी रिकामी केली होती. भास्कर डोक्यापासून शेपटीपर्यंत चकाकत होता, कपाळाला कुंकू होतं, आणि सासूबाई हात पुसत समाधानानं म्हणत होत्या, "आता कसा पाडव्याचा दिसतोय."

मी पोराला फोन लावला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "कॉर्नफ्लोर चोळा, तेल ओढून घेतंय. मग घिऊन या. तेल काढायचे तीनशे."

सासूबाईंनी माझ्या हातातून फोन काढून घेतला. "कुठला रं तू?" त्यानं गाव सांगितलं. "कुणाचा?" त्यानं तेही सांगितलं. "म्हंजे आमच्या थोरल्या जावंच्या म्हायेरचा की! तुझी आज्जी आन् मी एका वर्षी लगीन झालेल्या!" पुढं बराच वेळ कोण वारलं, कुणाची पोरगी कुठं दिली, कुणी म्हशी विकल्या हे चाललं. तीनशेचे दीडशे झाले, दीडशेचे "आज्जी, तुम्ही काय देशिला ते" झाले. मी तोंडात मारल्यासारखी उभी होते.

तेवढ्यात भास्करनं सोफ्यावर चढून अंग चांगलं घासून घेतलं होतं, दोन्ही बाजूंनी. कव्हर धुवायचे लाँड्रीवाल्यानं दोनशे ऐंशी घेतले. तो परगावचा आहे.