तेलकट फडकी, गरम घड्या आणि ड्रायरचा तो मेसेज

"ड्रायर कंपन्या तुमच्यापासून लपवतात त्या सात गोष्टी" अशा मथळ्याचा, गरम हवेने कपडे वाळवणाऱ्या यंत्राबद्दलचा एक मेसेज सध्या नागपुरातल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर फिरतो आहे. वर लाल दिव्यांची रांग, खाली "एका अनुभवी इंजिनिअरकडून, जास्तीत जास्त शेअर करा". इंजिनिअरला नाव नाही, गाव नाही. एरवी असले मेसेज मी न वाचताच पुढे सरकवते. पण हा आला तो प्रतापनगरच्या माझ्या आत्याकडून, आणि खाली तिची पुरवणी: "दुसरं आणि तिसरं करून पाहिलं, छान होते." नेमके दुसरा आणि तिसरा हेच त्यातले सगळ्यांत घातक मुद्दे. लगेच फोन केला, तर म्हणे, "अगं, इतके लोक पाठवून राहिले, सगळेच येडे आहेत का?"

ज्यांना हा मेसेज आलेला नाही त्यांच्यासाठी सातही मुद्दे थोडक्यात. एक, फिल्टर महिन्यातून एकदाच साफ करा, थर राहिला तर बारीक धूळ अडते. दोन, स्वयंपाकघरातली तेलकट फडकी आणि मालिशचे टॉवेल ड्रायरमध्ये टाका, उष्णतेने उरलेलं तेल उडून जातं. तीन, शेवटची काही मिनिटं मशीन नुसतंच फिरतं, तेव्हाच बंद करून वीज वाचवा आणि गरम कपड्यांच्या घड्या एकावर एक रचा, इस्त्री लागत नाही. चार, हवेचा पाइप खिडकीबाहेर काढायची गरज नाही, तोंडाला जुनी ओढणी बांधा. पाच, कूलरच्या एक्स्टेंशन बोर्डावर ड्रायर आरामात चालतो. सहा, ड्रायरच्या टाकीतलं पाणी डिस्टिल्ड असतं, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घाला. सात, चांगल्या ब्रँडच्या ड्रायरला आग लागत नाही, लागते ती शॉर्टसर्किटने.

आधी मथळ्याचं पाहू. कंपन्या काय लपवतात? घरगुती ड्रायरसाठी आयईसी 60335-2-11 नावाचं आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानक आहे. कोणते इशारे माहितीपुस्तिकेत छापलेच पाहिजेत, हे ते उत्पादकाला बजावून सांगतं. तेलाचे कपडे, फोम आणि रबर, शेवटची थंड फेरी, फिल्टर, खोलीतली हवा, सगळं त्यात आहे. म्हणजे ज्याला "लपवलेलं" म्हणतात ते पुस्तिकेच्या पहिल्या काही पानांवर छापलेलं असतं, आणि मेसेजने नेमकं त्याच्या उलट सांगितलंय. पुस्तिका आपण वॉरंटी कार्डासोबत कपाटात ठेवतो आणि मेसेज मात्र वाचतो, त्याला कंपनी काय करणार?

आता तेल. इथे मी जरा थांबणार आहे, कारण बाकीच्यांपैकी काहींनी मशीन बिघडेल किंवा भिंतीला बुरशी येईल, काहींनी आगही लागू शकते. पण हा मुद्दा ठिणगीशिवायही घर पेटवू शकतो.

ड्रायरमध्ये कपडे साधारण साठ-सत्तर अंशांपर्यंत तापतात. एवढ्याने पाणी जातं, खाद्यतेल नाही. तेलाला नुसता धूर यायलाही कितीतरी जास्त उष्णता लागते, हे फोडणी देणाऱ्या कोणालाही माहीत आहे. म्हणजे तेल उडत नाही, ते धाग्याधाग्यावर पातळ पसरतं आणि तापतं. तापलेल्या तेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो आणि त्या क्रियेतून आणखी उष्णता निघते. कपडा मोकळा पसरलेला असेल तर ती निघून जाते. ढिगात दाबलेला असेल तर आतच कोंडते, कोंडलेल्या उष्णतेने क्रिया अजून वेगाने होते, आणि काही तासांनी, घरात सगळे झोपलेले असताना, ढीग आतून पेटू शकतो. ठिणगी लागत नाही, वीज लागत नाही. पुस्तिकेतलं वाक्यही जवळजवळ हेच आहे: तेल लागलेले कपडे आपोआप पेटू शकतात, विशेषतः ड्रायरसारख्या उष्णतेच्या संपर्कात आल्यावर.

सगळी तेलं सारखी नाहीत, आणि हे नागपूरकरांनी तरी नीट ऐकावं. या बाबतीत सगळ्यांत वाईट तेलांपैकी एक म्हणजे जवसाचं. हवेशी संयोग पावून घट्ट होण्याचा त्याचा गुण इतका जोरकस आहे की लाकडाच्या पॉलिशला आणि रंगाला तेच वापरतात, आणि त्या पॉलिशच्या चिंध्या कोपऱ्यात गोळा करून टाकल्या की पेट घेतात, हे सुतारकाम करणाऱ्यांना ठाऊक असतं. आपल्याकडे हेच तेल कढईत असतं. सावजीचा जुना रस्सा जवसाच्या तेलातला. आत्याच्या घरी अजूनही रविवारचं मटण त्याच तेलात होतं, आणि कढईचे कान धरायचं, ओटा पुसायचं फडकं त्याच तेलाने माखतं. करडी आणि सूर्यफूल यांचा नंबर त्यानंतर. खोबरेल मात्र या बाबतीत बरंच निरुपद्रवी आहे, म्हणून उशीच्या अभ्र्यांनी आजवर घरं पेटलेली नाहीत. पण मालिशच्या तेलात तीळ, सरकी, आणखी काय काय मिसळलेलं असतं ते बाटलीवर वाचून पाहा.

"पण मी धुऊन टाकते नं," हे आत्याचं म्हणणं. गार पाण्याच्या साध्या धुण्याने हे तेल पूर्ण निघत नाही. खात्री करायची असेल तर धुतलेल्या फडक्यावर गरम इस्त्री फिरवून वास घ्या. खवट वास वर आला तर तेल आतच आहे. असलं फडकं गरम पाण्यात, जास्त डिटर्जंट घालून धुवायचं, आणि तरीही वास येत असेल तर दोरीवर. मे महिन्यात नागपूरच्या गच्चीवर फडकं वाळायला अर्धा तासही लागत नाही, तिथे ड्रायरची हौस कशाला? पावसाळ्यात पंख्याखाली दोन दिवस लागले तर लागू देत.

एक गोष्ट मान्य करते. सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या पिळणाऱ्या डब्यात तेलकट फडकी टाकली तर काही होत नाही, कारण तिथे हीटरच नसतो. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा तो डबा आणि हे गरम हवेचं यंत्र एकच समजून लिहिलंय.

आता तिसरा मुद्दा दुसऱ्याला जोडून वाचा. शेवटची मिनिटं मशीन "नुसतंच" फिरत नाही. हीटर बंद करून गार हवेने कपड्यांतली उष्णता काढायची ती फेरी आहे. पुस्तिका सांगते की ड्रायर मध्येच थांबवू नका, आणि थांबवावाच लागला तर सगळे कपडे लगेच बाहेर काढून पसरा. मेसेज सांगतो की थांबवा, घडी घाला आणि रचा. तेल शिल्लक, उष्णता शिल्लक, आणि ढीग घट्ट. आग लावायची कृती द्यायची असती तरी याहून नेमकी लिहिता आली नसती. गरम असताना घडी घातली की सुरकुत्या कमी पडतात, हे खरं आहे, नाकारत नाही. पण कोमट कपड्यांनाही तेवढाच फायदा मिळतो. फेरी पूर्ण होऊ द्या, मग घाला घडी.

फिल्टरच्या मुद्द्यातही अर्धं सत्य आहे आणि त्यानेच लोक फसतात. जाळीवर थर बसला की तो आणखी बारीक धूळ अडवतो, हे बरोबर. कारखान्यांत धूळ पकडायच्या पिशव्यांवर असा थर मुद्दाम राहू देतात. पण तिथे त्या थरातून हवा ओढायला दांडगे पंखे असतात, आणि थर वेळोवेळी झाडला जातो. घरच्या ड्रायरमध्ये हवा अडली की कपडे ओले राहतात, आपण आणखी अर्ध्या तासाचं बटण दाबतो, आणि हीटरभोवतीची हवा नको तेवढी तापते. एकदा दिवसभराच्या टॉवेलांनंतर फिल्टर उघडून पाहा. करड्या नमद्यासारखा सलग पापुद्रा निघतो, बोटाने कडा धरली की अख्खा सोलला जातो. तो कशाचा आहे? सुती कपड्यांच्या तंतूंचा, यालाच लिंट म्हणतात. आपण देवापुढे वात कशाची लावतो? विदर्भात राहून, जिनिंगमध्ये कापसाच्या गंज्या पेटल्याच्या बातम्या दर हंगामात वाचून, "लिंटने काही होत नाही" हे मान्य करायचं म्हणजे कमाल आहे. देशभरातले अग्निशमन अधिकारी ज्या राष्ट्रीय महाविद्यालयात शिकतात तेही याच शहरात आहे. तिथल्या कोणाला तरी विचारून मेसेज लिहायचा होता.

आणि सातव्या मुद्द्यातल्या शॉर्टसर्किटचं उत्तरही इथेच देते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने 2012 साली 2008 ते 2010 या वर्षांचा हिशेब मांडला. घरगुती ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे 2,900, आणि कारणांत पहिला नंबर साफसफाई न करण्याचा, 34 टक्के. तिथल्या ड्रायरांना भिंतीतून जाणारे लांब पाइप असतात, आपल्याकडे तसे नसतात, म्हणून तो आकडा जसाच्या तसा इथे लावता येणार नाही, हेही खरं. पण कारण तेच राहतं. ब्रँडचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये नामांकित ब्रँडच्या लाखो ड्रायरांमध्ये लिंट हीटरला लागून आग लागू शकते, हे 2015 साली जाहीर करावं लागलं, आणि 2019 मध्ये राहिलेली मशीन परत बोलवावी लागली.

तर फिल्टर दर वेळी. महिन्या-दोन महिन्यांनी जाळी नळाखाली धरा. पाणी आरपार न जाता वर साचत असेल तर सॉफ्टनरचा चिकट पापुद्रा बसलाय. कोमट पाणी, साबण, जुना ब्रश, आणि पूर्ण वाळवूनच परत बसवा. टाकीवाला कंडेन्सर ड्रायर (वाफेचं पाणी करून टाकीत साठवणारा) असेल तर खालच्या झडपेमागची जाळीही पुस्तिकेप्रमाणे काढून धुवायची असते. बहुतेकांना ती आहे हेच माहीत नसतं. पाठीमागचं झाकण मात्र उघडायचं नाही, ते मेकॅनिकचं काम.

ओढणीबद्दल फार लिहीत नाही. पाच किलो सुती कपडे मशीनने पिळल्यावरही त्यांत अडीच लिटरच्या आसपास पाणी उरतं. पाइप घरातच सोडला तर ते सगळं खोलीत. ऑगस्टमध्ये, आधीच भिंती घामेजलेल्या असताना, हे कोणाला सुचतं? ओढणीने लिंट अडतं तशी हवाही अडते, आणि मग वर सांगितलेली सगळी गोष्ट पुन्हा सुरू.

एक्स्टेंशनचा हिशेब शाळेतल्या पोरालाही येईल. कूलर दोन-चारशे वॉटचा. ड्रायर दोन-सव्वादोन हजारांचा. 2200 भागिले 230 म्हणजे साडेनऊ अँपिअरच्या वर, आणि तो पांढरा बोर्ड सहा अँपिअरचा. "एमसीबी आहे नं, पडेल" असं आत्याच्या शेजारच्या काकांचं मत आहे. एमसीबी म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका. नाही पडणार. ती भिंतीतल्या जाड वायरच्या हिशेबाने बसवलेली, बहुधा सोळाची. तिच्या लेखी दहा अँपिअर म्हणजे काहीच नाही. बाहेरची बारीक वायर तिला दिसत नाही, ती गादीखाली किंवा कपाटामागे तापत राहते. ड्रायर थेट सोळा अँपिअरच्या पॉवर प्लगमध्ये. प्लग लांब असेल तर इलेक्ट्रिशियन बोलवा.

टाकीतलं पाणी वाफेचंच झालेलं असतं, एवढं कबूल. काही कंपन्या ते गाळून वाफेच्या इस्त्रीत वापरा असंही म्हणतात. पण त्यात लिंट आणि डिटर्जंटचा अंश असतो. बॅटरीचं पाणी किराणा दुकानात चहाच्या पैशात मिळतं, तेवढ्यासाठी इन्व्हर्टरची बॅटरी पणाला लावू नका. त्या पाण्याने फरशी पुसा.

आणि ज्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही ते शेवटी सांगते, कारण आत्याच्या घरी तेच निघालं. ड्रायर बाथरूमला लागून, बाथरूममध्ये गॅस गीझर, आणि पारव्यांच्या त्रासाने व्हेंटिलेटरला पुठ्ठा ठोकलेला. पाइपवाला ड्रायर खोलीतली हवा बाहेर फेकतो. ती भरून काढायला दुसरीकडून हवा आत येणारच, आणि ती गीझरच्या धुराड्यातून आली तर जळका वायू खोलीत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. पुस्तिकेत याचा वेगळा इशारा असतो. पुठ्ठा काढायला लावलाय, तिथे पारव्यांसाठी जाळी बसेल. गीझरचा माणूस येऊन धुराडं तपासेपर्यंत गीझर आणि ड्रायर एका वेळी लावायचे नाहीत, आणि ड्रायर चालू असताना खिडकी उघडी ठेवायची. पाऊस आत आला तर येऊ द्यायचा.