मिक्सर राहू दे, पण पाटा कुंडीखालून काढा

बऱ्याच घरांत आता पाटा बाल्कनीत कुंडीखाली असतो आणि वरवंटा दार अडवायला. ते पाहून वाईट वाटतं. पण "पूर्वीचं जगणं किती साधं होतं" या सुरात मात्र सूर मिसळवत नाही. पुरण, डोशाचे तांदूळ, रोजचं वाटण, त्यात पहाटेचं जात्यावरचं दळण; हे सगळं बायकांच्याच अंगावर पडायचं. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांच्या प्रकल्पात गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या. त्यात माया आहे, तसा शीणही आहे. साठच्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर यांनी आपल्या मसाल्यांना पुरून उरेल असा सुमीत मिक्सर आणला, तेव्हा कितीजणींच्या कंबरेची सुटका झाली असेल! ते यंत्र घराबाहेर काढा असं मी कधीच म्हणणार नाही.

तरीही पाट्यावरच्या चटणीची चव वेगळी लागते, आणि त्याला कारण आहे. मिक्सरचं पातं मिनिटाला साधारण १८,००० ते २०,००० फेरे घेतं आणि जिन्नस कापत सुटतं. वरवंटा चिरडतो, रगडतो. त्या दाबाने खोबऱ्याचं, दाण्यांचं, तिळाचं तेल सुटतं आणि चटणी आपल्याच ओलाव्यात मिळून येते. मिक्सरमध्ये थोडंसं वाटण भांड्याच्या कडांना चिकटतं, पातं मोकळंच फिरतं, मग आपण पाणी ओततो. चटणी फसते ती इथेच. पातळ होते आणि लवकर आंबते. पाणी घालायचं टाळून नुसतंच फिरवत राहिलं तर भांडं तापतं आणि कोथिंबीर काळवंडते. सोलापुरी शेंगदाण्याची चटणी उखळात कुटतात तीही तेलासाठीच. मिक्सरमध्ये आधी कोरडं कूट होतं आणि दोन फेरे जास्त झाले की एकदम लगदा.

म्हणून मला वाटतं, इडलीचं पीठ आणि दहा माणसांचं वाटण मिक्सरला द्यावं. ओली चटणी आणि तिळाची चटणी पाट्यावर. अर्ध्या नारळाला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि ती आळीपाळीने घरातल्या प्रत्येकाने द्यावीत, पुरुषांनीसुद्धा. एकटीच्याच गळ्यात पडणार असेल, तर मिक्सर बरा.

ओली चटणी वाटताना क्रम चुकवू नका. आधी जाडं मीठ, जिरं आणि भिजवलेल्या चार-पाच सुक्या मिरच्या. मिठाच्या खड्यांनी मिरचीची साल पटकन तुटते. मग लसूण, मग खोबरं मुठी-मुठीने, कोथिंबीर सगळ्यात शेवटी. पाणी हाताने शिंपडायचं, ओतायचं नाही. पाट्याची पलीकडची कड बोटभर खाली ठेवली की वाटण पुढे सरकतं. वरवंटा मनगटाने दाबू नका, खांद्यातून रेटा. जमिनीवर बसवत नसेल तर पाटा ओट्यावर ओल्या फडक्यावर ठेवा, सरकत नाही.

नवा घेताना काळा, जड, बारीक कणांचा दगड बघा. खिळ्याने ओढून पाहा: चांगल्या दगडावर लोखंडाची रेघ उमटते, मऊ दगडाला ओरखडा पडून भुकटी निघते. असा दगड आयुष्यभर जेवणात कच घालत राहील. पाण्याचा थेंब लगेच शोषला गेला तरी घेऊ नका. असा दगड हळदीचा, लसणाचा वास धरतो. साबण तर कुठल्याच पाट्याला लावायचा नाही, नारळाची शेंडी आणि गरम पाणी पुरतं. धुतल्यावर उभा करून वाळवा.

लसूण वरवंट्याखालून निसटायला लागला, मिरचीच्या बिया अख्ख्याच राहू लागल्या, की पाटा गुळगुळीत झाला असं समजा आणि टाकी लावून घ्या, म्हणजे छिन्नीचे घाव घालून तो पुन्हा खरखरीत करून घ्या. बरेच जण नेमके इथेच थकून पाटा टाकून देतात. टाकी लावणारे आता दारावर क्वचितच येतात, पण आठवडी बाजारात पाटे-खलबत्ते विकणाऱ्यांना विचारलं तर काम होतं. घाव बारीक आणि जवळजवळ हवेत. खोल खड्डे पडले तर त्यात वाटण अडकून कुजतं. टाकी लावल्यावर पाटा ब्रशने घासून धुवा आणि मूठभर भिजवलेले तांदूळ वाटून फेकून द्या. पहिलं वाटण करडं निघेल. तांदूळ पांढरे शुभ्र निघेपर्यंत, तीन-चार वेळा तरी, असंच करा. तोवर त्यावर चटणी वाटू नका.