एन्झाइम कधी आणि कसे मिसळावे, हेही सांगायला हवे

कोळंबीच्या खाद्यात एन्झाइम घातल्यास सोयापेंड अधिक चांगली पचते, हे लेखातील म्हणणे मला पटते; मात्र ते कसे घालावे, हा कळीचा मुद्दा त्यात राहून गेला आहे. सोयापेंडीतील बराचसा फॉस्फरस फायटेट या संयुगाच्या रूपात अडकलेला असतो आणि तो मोकळा करणारे फायटेज हे एन्झाइम आम्लधर्मी वातावरणात अधिक प्रभावी ठरते, तर कोळंबीच्या जठरात तसे तीव्र आम्ल नसते. त्यामुळे कोंबडीला होणारा लाभ तिलाही तेवढाच होईल, असे गृहीत धरू नये. शिवाय गोळ्या तयार होताना खाद्य ८० ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि साधे एन्झाइम त्या उष्णतेत टिकत नाही.

गोव्यातील चोडण येथील आमच्या खाजनातल्या (खाऱ्या पाण्याच्या, बांध घातलेल्या सखल जमिनीतल्या) तळ्यासाठी मी एन्झाइमची पूड थोड्या पाण्यात कालवून तयार गोळ्यांवर शिंपडतो, वरून माशाच्या तेलाचा पातळ थर देतो आणि गोळ्या सावलीत वाळवतो. तेल न लावलेल्या गोळ्या चेक ट्रेमध्ये (खाद्य तपासायला तळ्यात सोडतात त्या ताटात) ठेवल्या की थोड्याच वेळात भोवतीचे पाणी गढुळते, म्हणजे पैसे मोजून आणलेली पूड कोळंबीच्या पोटात न जाता पाण्यात जाते. न पचलेला फॉस्फरसही तळाच्या गाळात साठतो आणि ओहोटीला मानशीवाटे (बांधातल्या पाण्याच्या दारातून) मांडवी नदीत उतरतो, याची मला अधिक काळजी वाटते.