भरतीच्या कागदावर सही करणाऱ्या नातेवाइकांसाठी

२०१९ च्या मे महिन्यात, रात्री साडेदहाच्या सुमारास, माझा धाकटा भाऊ नागपुरात मानेवाड्याच्या आमच्या घराच्या अंगणात कूलरमध्ये पाणी भरत असताना चार माणसे फाटक उघडून आत आली, त्यांनी त्याचे हात मागे धरले आणि दोन मिनिटांच्या आत त्याला गाडीत बसवून नेले. पाइप त्याच्या हातातून सुटून पडला तो तसाच वाहत राहिला. वहिनी आत रडत होती, आई देवघरासमोर बसून होती, आणि पाणी फाटकाखालून रस्त्यावर आल्यावर शेजारच्या काकांनी येऊन नळ बंद केला. त्या माणसांना बोलावणारी मी होते. कागदावर सही माझी होती. म्हणूनच ही पोस्ट मी त्या जागेवर उद्या उभ्या राहणाऱ्या बहिणींसाठी, बायकांसाठी आणि आईवडिलांसाठी लिहीत आहे.

भाऊ तेव्हा दिवसाला तीन पव्वे पीत होता. बुटीबोरीतील नोकरी सुटल्यापासून त्याला रात्रभर झोप लागत नसे, आणि झोपेसाठी सुरू झालेली दारू दोन वर्षांत सकाळी उठल्या उठल्या लागू लागली होती. आम्ही सगळे थकलो होतो. कोणीतरी शहराबाहेरच्या एका खासगी व्यसनमुक्ती केंद्राचा नंबर दिला. "तुम्ही फक्त फोन करा, पेशंटला आम्ही घेऊन जातो," असे तिथून सांगण्यात आले आणि त्या वाक्याने मला, खरे सांगायचे तर, हायसे वाटले. रात्रीची वेळ आम्हीच मागून घेतली होती, कारण गल्लीतल्या लोकांनी पाहू नये अशी आईची इच्छा होती.

त्या केंद्राचा अर्ज मला आजही जसाच्या तसा आठवतो. नाव, वय, पत्ता, तीन महिने की सहा महिने, आगाऊ रक्कम किती भरली, आणि शेवटी "पेशंटला काही झाल्यास केंद्र जबाबदार राहणार नाही" ही ओळ. तो रोज किती पितो, शेवटची दारू किती वाजता घेतली, पूर्वी कधी फीट आली होती का, कावीळ झाली होती का, आणखी कोणत्या गोळ्या सुरू आहेत, यांपैकी एकही प्रश्न त्या कागदावर नव्हता. तिसऱ्या दिवशी पहाटे फोन आला की तुमच्या पेशंटला फीट आली आहे, येऊन घेऊन जा.

यात काय घडते हे मला नंतर कळले आणि ते प्रत्येक घराला आधी कळायला हवे. दारू मेंदूची क्रिया मंदावते, आणि वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाचा मेंदू त्या मंदपणाशी झगडण्यासाठी स्वतःला सतत जास्त उत्तेजित ठेवायला शिकतो. दारू एकदम तोडली की तिचा दाब जातो आणि उत्तेजना तेवढीच शिल्लक राहते. काही तासांतच हात थरथरू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. फीट येण्याचा धोका प्रामुख्याने पहिल्या दोन दिवसांत असतो. आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान काही रुग्णांना भ्रम होतो, भिंतीवर मुंग्या दिसतात, नाडी धावते, ताप चढतो, आणि त्या अवस्थेत उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. या दिवसांत क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम यांसारखी औषधे ठरावीक मात्रेत देऊन हळूहळू कमी करायची असतात, आणि ब-१ जीवनसत्त्वाचे, म्हणजे थायमिनचे, इंजेक्शन द्यायचे असते. आपल्याकडे अशक्तपणा दिसला की "एक सलाईन लावून द्या" म्हणण्याची सवय आहे; पण थायमिन न देता ग्लुकोज चढवल्यास, आधीच थायमिन संपलेल्या मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. ज्या ठिकाणी डॉक्टरच नाही तिथे हे कोण पाहणार?

आम्ही त्याला तिथून थेट एका सरकारी रुग्णालयात नेले. रात्रपाळी संपत आली होती, तरीही तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास बसून सगळे विचारले. केंद्राच्या अर्जावर नसलेले सगळे प्रश्न त्यांनी विचारले. दोन दिवसांनी तो नीट शुद्धीवर आला तेव्हा मनोविकार विभागाच्या डॉक्टरांनी आम्हाला बाजूला उभे केले आणि त्याच्याकडे वळून विचारले, "तुम्ही इथे राहून उपचार घ्यायला तयार आहात का?" त्याने थोडा वेळ छताकडे पाहिले आणि विचारले, "किती दिवस?" दोन वर्षांत त्याच्या उपचाराबद्दल कोणी त्याला प्रश्न विचारण्याची ती पहिली वेळ होती. त्याच मुक्कामात कळले की त्याला दारूच्या आधीपासून नैराश्य होते. झोप न लागणे हे त्याचेच लक्षण होते. आम्ही त्याला आळस म्हणत आलो होतो.

मनाविरुद्ध भरती कधीच करू नये, असे मी म्हणत नाही. माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठला असेल, स्वतःची काळजी घेण्याच्या पलीकडे गेला असेल, तर त्याच्यासाठी २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मार्ग ठेवला आहे. त्या कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्थाही घेतल्या आहेत. कलम ८९ प्रमाणे एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरे एक डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक यांनी रुग्णाला स्वतंत्रपणे तपासावे लागते, रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे त्याच्या वतीने बोलण्यासाठी नेमलेल्या माणसाचा, अर्ज लागतो, अशी भरती एका वेळी जास्तीत जास्त ३० दिवसांची असते, आणि तिची माहिती सात दिवसांच्या आत, स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांच्या आत, मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला द्यावी लागते. रुग्णाला त्या मंडळाकडे दादही मागता येते. साखळीने बांधणे, सक्तीने मुंडन करणे हे तर पूर्ण निषिद्ध आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली, आणि साखळ्यांनी बांधलेले २८ रुग्ण पळता न आल्याने जळून मेले. घरातून हात धरून उचलून नेण्याची तरतूद या कायद्यात मला कुठेही सापडली नाही. ज्या रात्री मी फोन केला तेव्हा हा कायदा लागू होऊन जवळपास एक वर्ष झाले होते आणि मला त्याचे नावही ठाऊक नव्हते.

आम्ही सरकारी दवाखान्याकडे आधीच का गेलो नाही, हे मला कित्येकांनी विचारले आहे. नागपुरात वाढलेल्या माणसाला उत्तर माहीत आहे. आपल्या शहरात १८६४ पासून प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, ठाणे, येरवडा आणि रत्नागिरी यांच्यासह राज्यातील जुन्या चार मनोरुग्णालयांपैकी ते एक आहे. आणि त्याच्या जवळच्या चौकाला आपण पिढ्यान्पिढ्या "पागलखाना चौक" म्हणतो. ऑटोवाल्याला तसेच सांगतो, लग्नपत्रिकेवरच्या पत्त्याची खूणही तशीच सांगतो, आणि मूल ऐकेनासे झाले की त्याला तिथे नेऊन टाकण्याची धमकी देतो. आई म्हणाली होती, "तिकडे नेलं तर धाकटीचं लग्न कसं जमेल?" त्या भीतीपोटी आम्ही दवाखाना टाळला.

आणि हे आमच्याच घरचे नाही. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या सर्वेक्षणाचा २०१९ मधील अहवाल सांगतो की दारूचे अवलंबित्व असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणताही उपचार मिळतो, आणि रुग्णालयात भरती होऊन उपचार मिळणारा १८० जणांत एक असतो. उरलेल्यांना घरचे लोक कसे सांभाळतात, किंवा कोणत्या बंद खोलीत पाठवतात, ते त्या आकड्यात दिसत नाही. सगळीच खासगी केंद्रे वाईट असतात असे मात्र कोणी समजू नये, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणासारखी आयुष्यभराच्या निष्ठेने उभी राहिलेली कामे आपल्याच राज्यात आहेत.

विम्याबद्दल मला मनापासून संताप आहे. कायद्याच्या कलम २१ प्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच संरक्षण द्यायचे आहे. पण आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवादांमध्ये दारू, अमली पदार्थ आणि त्यांचे परिणाम यांवरील उपचार वगळण्याची मुभा आहे. माझ्या भावाच्या कागदावर नैराश्य आणि दारू हे दोन्ही शब्द एकाच ओळीत होते. दुसऱ्या शब्दाने पहिल्याचाही दावा बुडाला. आईच्या दोन पाटल्या त्या महिन्यात गहाण पडल्या.

सुट्टी झाल्यानंतर आठ महिन्यांनी तो पुन्हा प्यायला. मी हे लपवत नाही, कारण भरती म्हणजे कायमचा बरा, अशी आशा दाखवून पैसे घेणारे लोक आहेत आणि ती आशा मोडली की घरचे रुग्णालाच खोटा ठरवतात. या वेळी मात्र त्यानेच मला सकाळी फोन करून सांगितले, "ताई, कालपासून सुरू झालंय, माझं मी बंद केलं तर फीट येईल, चल." आम्ही दोघे ऑटोने गेलो आणि तो स्वतःच्या सहीने भरती झाला. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत फोनसेवा सुरू आहे. मध्यरात्री त्याला अस्वस्थ वाटते तेव्हा तो तो नंबर लावतो, हे मी दारामागून ऐकले आहे.

गेल्या वर्षी त्याने एक कागद लिहिला. आपण निर्णय घेण्याच्या स्थितीत नसलो तर आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत, हे आधी लिहून ठेवण्याचा अधिकार त्याच कायद्याच्या कलम ५ ने दिला आहे. आणीबाणीच्या उपचाराला तो कागद लागू होत नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितले आहे. त्याने प्रतिनिधी म्हणून माझे नाव लिहिले, तेव्हा मला त्याच्याकडे बघवेना. खाली त्याच्या अक्षरात तीन ओळी आहेत: मला सरकारी दवाखान्यात न्यावे, पूर्वी फीट आली होती हे आधी सांगावे, रात्री परक्या माणसांना घरी बोलावू नये. तो कागद आमच्या कपाटात रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला आहे, आणि वहिनीला, आईला आणि धाकटीला त्याची जागा माहीत आहे.