म्हापशाच्या बाजारात पत्रके वाटायला निघालेल्यांसाठी

गोव्यातील माणसांना शाकाहाराकडे वळवण्याचे आपण मनावर घेतले आहे, हे ऐकून आनंद झाला. असले काम पुण्यात कोणीही करील. ज्या राज्याने शेवटो या माशाला राज्यमासा म्हणून मान दिला आहे आणि जेथे ‘जेवलास?’ या प्रश्नाच्या शेपटाला ‘नुस्तें कितें आशिल्लें?’, म्हणजे मासे कोणते होते, हा प्रश्न हमखास लागलेला असतो, तेथे पाचशे गुळगुळीत पत्रके काखेत मारून उभे राहायला छाती लागते. ती आपल्यापाशी आहे असे समजून, बरीच वर्षे पिशवी घेऊन बाजारात हिंडलेल्या एका मासेखाऊ माणसाने चार गोष्टी सांगितल्या तर आपण रागावणार नाही, अशी आशा आहे.

जागा म्हापशाची निवडावी आणि वार शुक्रवार. त्या दिवशी बार्देश, पेडणे, डिचोली अशा सगळ्या बाजूंनी माणूस तेथे लोटतो, त्यामुळे पत्रके लवकर संपतात, आणि मोहिमेच्या यशाचे दुसरे मोजमाप अजून कोणी शोधलेले नाही. उभे राहताना तोंड मासळी बाजाराकडे आणि पाठ भाजीवाल्या बायांकडे असू द्यावी. चुकून वळलात, तर मयड्याची केळी, तांबड्या भाजीच्या जुड्या, आगशीची वांगी आणि पावसाळ्याचे दिवस असतील तर तायकिळ्याची कोवळी पाने पुढ्यात मांडून बसलेली एखादी बाय आपल्याला दिसेल. ती गेली तीस वर्षे, एकही पत्रक न छापता, आपलेच काम करीत बसली आहे. तिच्याकडून दोन जुड्या विकत घेण्याचा मोह आपल्याला होईल. तो आवरावा, कारण एका हातात भाजीची पिशवी आली की पत्रके वाटण्याचा वेग निम्म्यावर येतो.

कोणाकोणाला गाठायचे, याचाही विचार करून ठेवावा. ईस्टरच्या आधी, ख्रिस्ती बांधवांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ चालू असताना, एखाद्या म्हाताऱ्या आजीच्या हातात ‘मांस सोडा’ असे पत्रक अवश्य द्यावे. ‘आयज शुक्रार, पुता, आमी मास खायनात,’ असे सांगून ती मोठ्या कौतुकाने आपल्या पाठीवरून हात फिरवील आणि पिशवीतली ताजी इसवण, म्हणजे सुरमई, दाखवील. कपाळाला गंध लावलेला कोणी गृहस्थ सुंगटांचा, म्हणजे कोळंबीचा, भाव करताना दिसला, तर ‘ब्राह्मण असून मासे?’ असा प्रश्न मोठ्याने विचारावा. सारस्वतांच्या घरात मासे शिजतात ही बातमी आपल्याखेरीज बाजारात सर्वांना ठाऊक असल्यामुळे आसपासच्या चार माणसांची चांगली करमणूक होते.

शुक्रवार गर्दीसाठी खरा, पण अहवाल लिहायचा असेल तर सोमवारासारखा वार नाही. गोव्यातल्या कितीतरी हिंदू घरांत सोमवारी मासे शिजत नाहीत. श्रावणात कित्येक घरांतून ते महिनाभर हद्दपार असतात, आणि चवथीला तर गणपतीच्या डोक्यावर रानातल्या फळाफुलांची, काकड्या-दोडक्यांची, सुपारीच्या घोसांची जी माटोळी बांधतात, तिच्यापुढे आपल्या पत्रकावरचे ब्रोकोलीचे चित्र जरा केविलवाणे दिसते. तेव्हा श्रावणी सोमवारी सकाळी पत्रके वाटावीत, दुपारी दहा घरांत डोकावून ताटे पाहावीत आणि संध्याकाळी लिहून टाकावे की दहाच्या दहा कुटुंबांनी त्याच दिवशी मासे सोडले. त्याहून दांडगे यश हवे असेल, तर मोहिमेचा नारळ 1 जूनला फोडावा. त्या दिवसापासून 31 जुलैपर्यंत, म्हणजे 61 दिवस, गोव्यात ट्रॉलरांच्या मासेमारीवर बंदी असते. बाजारातली ताजी मासळी आटते, उरलेलीचे भाव ऐकून माणसे आपोआप अळसांद्यांच्या, म्हणजे गावठी चवळीच्या, तोंडाकाकडे वळतात. हे सारे श्रेय सरकारी अधिसूचनेला देण्याचे काहीच कारण नाही. एवढेच सांभाळावे की मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, म्हणून भरून ठेवलेल्या खाऱ्या बांगड्यांच्या आणि सुक्या सुंगटांच्या डब्यांची झाकणे उघडायला कोणाला सांगू नये.

आता पत्रकातील मजकूर. तो दिल्लीत हिंदीत लिहिलेला असावा आणि मराठीत उतरवताना ‘मत्स्याहार’, ‘मूक जीव’, ‘सात्त्विक जीवनशैली’ असे शब्द योजावेत. ‘नुस्तें’ हा शब्द चुकूनही येऊ देऊ नये, नाहीतर वाचणाऱ्याला आपण त्याच्याशीच बोलत आहोत असे वाटेल. मग आकडे द्यावेत. एक किलो गोमांसामागे सुमारे 15,400 लिटर पाणी लागते, हा जगभर सांगितला जाणारा सरासरी आकडा ठळक छापावा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2013 मध्ये असे मांडले होते की माणसामुळे हवेत जाणाऱ्या हरितगृह वायूंपैकी 14.5 टक्के पशुपालनातून येतात. तोही घ्यावा. दोन्ही आकडे वजनदार आहेत, आणि आपल्यासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या पिशवीत बांगडा आहे. तो बांगडा कोणी चारा घालून वाढवलेला नाही आणि नळाचे पाणीही त्याने कधी प्यायलेले नाही. हा मुद्दा कोणी काढलाच तर मंद हसावे आणि पुढच्या माणसाकडे वळावे.

त्याच 14.5 टक्क्यांत दुभत्या जनावरांचाही वाटा आहे, हे मात्र लिहू नये. गाईम्हशी रवंथ करताना जो मिथेन वायू बाहेर टाकतात तो बहुतेक ढेकरांतून जातो, आणि दुधाच्या पिशवीवर हिरवा ठिपका असला तरी ढेकरावर ठिपका मारण्याची सोय अद्याप झालेली नाही. शिवाय वाटप संपल्यावर आपण सर्व जण मिळून पनीर बटर मसाला खाणार आहात, त्या जेवणावर उगाच विरजण कशाला? पनीर ही या भूमीत परवापर्यंत कोणाला ठाऊक नसलेली वस्तू आहे आणि येथे नारळ, कुळीथ, नीरफणस, आंबाडे आणि पहिल्या पावसानंतर वारुळांवर उगवणारी आळमी यांच्यावर माणसांनी शतकानुशतके शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवणे काढली, असे कोणी म्हणेल. म्हणू द्यावे. आळम्यांचा भाव विचारलात तर इसवण स्वस्त वाटेल, हेही त्या माणसाने आपल्याला सांगितलेले नसते.

एका माणसापासून मात्र मनापासून सावध राहा, आणि तो म्हणजे रांपणकार. मासळी मारण्यावरच ज्याचे घर चालले, तो आपला पहिला शत्रू असे आपण धरून चालला असाल, आणि ते तसेच धरून चालणे सोयीचे आहे. त्याच्याशेजारी किनाऱ्यावर दहा मिनिटे बसलात तर घोटाळा होईल. गावातली वीसपंचवीस माणसे मिळून हातांनी ओढायचे ते रांपणीचे जाळे, आणि सत्तरच्या दशकात यांत्रिक ट्रॉलर वाढल्यावर त्यातली मासळी कशी उणावत गेली, हे तो सांगू लागेल. किनाऱ्यालगत ट्रॉलरांनी येऊ नये म्हणून त्याच्या वडिलांच्या पिढीने रस्त्यावर उतरून आंदोलन केले, त्यानंतर 1980 मध्ये मासेमारीचे नियमन करणारा कायदा गोव्यात झाला, आणि तो कायदा समुद्रात किती पोचला हे त्याला विचारण्याची गरजही पडणार नाही. एलईडी दिव्यांचा झोत पाण्यात सोडून मासळी गोळा करण्यावर आणि दोन बोटींच्या मध्ये एकच जाळे ओढण्यावर केंद्र सरकारने नोव्हेंबर 2017 मध्ये बंदी घातली. तरी रात्री क्षितिजावर दिवाळी कशी दिसते, तेही तो बोट दाखवून सांगेल. वाढ न झालेली बारीक तारली जाळ्यात येतात, कारखान्यात त्यांचे तेल आणि चूर्ण होते आणि ते चूर्ण कोंबड्यांच्या व तळ्यांत पोसलेल्या कोळंबीच्या खाद्यात जाते, हे ऐकून आपल्या पोटात गलबलेल. ‘मासे वाचले पाहिजेत’ हे वाक्य त्याच्या तोंडून आपल्यापेक्षा जास्त तळमळीने बाहेर पडेल. एवढे झाल्यावर आपले पत्रक नव्याने लिहावे लागेल आणि आधीची पाचशे वाया जातील. छपाईचा खर्च ध्यानात घेता त्या बाजूला फिरकू नये हेच बरे.

पत्रकाच्या वरच्या कोपऱ्यात गांधीजींचे चित्र हवेच. विलायतेत शिकत असताना ते लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर होते, त्यामुळे त्यांच्यावर आपला हक्कच आहे. फक्त 20 नोव्हेंबर 1931 रोजी त्याच मंडळापुढे ते काय बोलले, ते छापू नये. इतरांना शाकाहाराकडे वळवायचे असेल तर शाकाहाऱ्यांनी सहिष्णू असावे, थोडी नम्रता अंगी बाणवावी, असे त्यांनी सांगितले होते. डाळी, घेवडे आणि चीज वाटेल तितके खाण्याची मुभा म्हणजे शाकाहार असे समजणाऱ्यांनाही त्यांनी तेथे टपल्या मारल्या होत्या. चित्र पुरेसे आहे.

सर्व काही यथासांग करूनही एखादा माणूस आपले पत्रक खरोखर वाचेल, याची मनाशी तयारी ठेवावी. मागे एका शुक्रवारी मी ते पाहिले. वाटणारा मुलगा विशीतला, घामाने निथळत होता. त्याने एका निवृत्त मराठी मास्तरांच्या हातात पत्रक दिले. मास्तर बाजूला सावलीत सरले, चष्मा चढवला, खिशातून लाल पेन काढले आणि पिशवी गुडघ्यांत धरून उभ्याउभ्याच तपासायला लागले. ‘शाकहारी’चा काना भरला, ‘एकरुप’मधला रु दीर्घ केला, ‘हानि’ची वेलांटी बदलली आणि ‘प्राण्यांवरती दया करूया जाऊया’ या वाक्याखाली दोनदा रेघ ओढून समासात प्रश्नचिन्ह काढले. मग कागद मुलाच्या हाती परत देऊन ते आत गेले, आणि पाव तासाने बाहेर आले तेव्हा पिशवीतून बांगड्यांच्या शेपट्या डोकावत होत्या.

मुलगा अजून तो लाल कागद घेऊन तसाच उभा होता. मास्तर त्याच्यापाशी थांबले. ‘मजकूर वाईट नाही हो, बाबा,’ ते म्हणाले, ‘पण दुसरी आवृत्ती काढाल तेव्हा प्रूफ घेऊन माझ्याकडे ये. सोमवारी ये. सोमवारी आमच्याकडे शिवराक असते, जेवूनच जा. ही भाज्यांचे खतखते बरे करते.’

असली आमंत्रणे कटाक्षाने नाकारावीत. तो मुलगा गेला, आणि त्यानंतरच्या शुक्रवारी मी त्याला पुन्हा पाहिले, तेव्हा त्याच्या हातात पत्रके नव्हती. भाजीवालीपाशी उकिडवा बसून तो तिला खतखत्यात घालायला तेफळे आहेत का, म्हणून विचारत होता.