ती पोर धावत आली म्हणून हरखून जाऊ नका

सकाळपासून तो एकच व्हिडिओ फिरतोय. कंबोडियातला एक अनाथाश्रम. चर्चमधून सेवेसाठी गेलेल्या मिशन टीमची व्हॅन अंगणात थांबते, दार उघडतं, आणि तीन-चार वर्षांची एक मुलगी धावत येऊन सगळ्यात आधी उतरलेल्या ताईला बिलगते. ताई उचलून घेते, पोर मान खांद्यावर टाकते. खाली लिहिलंय, लेकरांना प्रेमाची किती भूक आहे पाहा. आणि त्याखाली आपल्याच मंडळींचे आमेनवर आमेन.

मला ते बघवलं नाही.

घरात वाढणारं त्या वयाचं मूल परका माणूस दिसला की काय करतं? आईच्या मागे लपतं, पाय धरून ठेवतं, बराच वेळ नुसतं बघत राहतं. हे मूल नीट वाढत असल्याचं लक्षण आहे. जे मूल कुणाच्याही कडेवर जातं, त्याला आपलं कोण आणि परकं कोण हे कळायला लागेल इतका वेळ एकही माणूस बहुतेकदा टिकलेला नसतो. रुमानियातल्या बुखारेस्टच्या अनाथाश्रमांतल्या १३६ मुलांचा २००० नंतर अनेक वर्षं अभ्यास झाला. त्यातली निम्मी मुलं सांभाळ करणाऱ्या कुटुंबांत पाठवली. जी दोन वर्षांची होण्याआधी गेली, ती जास्त सावरली. पण अनोळखी माणसाला बिलगण्याची ही सवय चांगल्या घरात गेल्यावरही सहजी सुटली नाही. व्हिडिओतली पोर हेच दाखवतेय आणि आपण स्तुती करतोय.

टीम येते दहा दिवसांसाठी. सकाळी गाणी, मग बायबलमधली गोष्ट, चिकटकाम, खेळ, खाऊ. बऱ्याच ठिकाणी टीम असेपर्यंत मुलांची शाळा बुडते, कारण पाहुण्यांसमोर नाच बसवायचा असतो. प्रत्येक टीम तेच टूथब्रश आणि तेच रंगखडू आणते, मागच्या टीमने रंगवलेली भिंत पुन्हा रंगवते. तिथल्या सांभाळणाऱ्या बायका पाळ्यांमध्ये काम करतात, एकेकीच्या वाट्याला डझनावारी मुलं. दहा दिवस कडेवर घेणारे दहा हात आले की पोरं त्या बायकांकडे फिरकत नाहीत. टीम गेली की काही रडतात, काही अंथरूण ओलं करतात, काही चावायला लागतात, आणि ते निस्तरायला त्याच बायका उरतात. त्या पोरीला खाली ठेवून व्हॅन निघाली, तेव्हाचा व्हिडिओ कुणी टाकलाय का? पुढच्या महिन्यात दुसरी टीम येईल. ती पुन्हा धावेल.

जाणाऱ्या तरुणांवर माझा राग नाही. सुट्टी मोडून, पैसे साठवून, घरच्यांना समजावून ही मुलं जातात आणि मनापासून जातात. यातून काहींचं आयुष्य बदलतं, हेही मान्य. पण बदल आपल्या मुलांमध्ये आणि त्याची किंमत तिथल्या मुलांनी मोजायची, हा हिशेब कुणाला तरी पटतो का?

आणि ती पोर अनाथ आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं? २००५ ते २०१० या पाच वर्षांत कंबोडियात अनाथाश्रमांची संख्या ७५ टक्क्यांनी वाढली. तेव्हा युद्ध संपून बरीच वर्षं झाली होती. वाढले होते ते पर्यटक आणि देणगीदार. तिथल्या अनाथाश्रमांतल्या चारातल्या तीन मुलांची आई किंवा वडील हयात होते. गरिबी, कर्ज, आजारपण, गावात पुढची शाळा नाही, अशा कारणांनी आईने मूल दिलेलं असतं. कुणीतरी गावात येऊन सांगतं, शिक्षण होईल, इंग्रजी येईल. देणगी डोक्यामागे येते, म्हणून खाट रिकामी ठेवून चालत नाही. हे पाहूनच ऑस्ट्रेलियाच्या संसदेने या विषयाची चौकशी केली आणि २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी अनाथाश्रमांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीची दखल घेतली. गुलामगिरीच्या चर्चेत आपल्या सेवेचं नाव यावं, याची लाज वाटायला हवी.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं १:२७ हे वचन प्रत्येक मिशनच्या पत्रकावर छापलेलं असतं. अनाथांचा आणि विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घ्या. तिथे दोघांचं नाव एकत्र आहे! आपण लेकरू उचलून आणलं, त्याच्यासाठी इमारत बांधली आणि त्या विधवेला गावातच सोडून दिलं. तिचा समाचार कोण घेणार?

काही मुलांना खरंच कुणी नसतं, काही घरं माराची असतात. कबूल. त्यांच्यासाठीसुद्धा नातेवाईक, मग सांभाळ करणारं कुटुंब, आणि संस्था सगळ्यात शेवटी, हा क्रम कंबोडियाच्या २००६ च्या सरकारी धोरणातच आहे.

मूल घरी नेण्याचं काम दिसायला फार साधं असतं. त्याचा व्हिडिओ होत नाही. आधी फाइल उघडायची, तीत बहुतेक वेळा पत्ता अर्धवट किंवा खोटा. मग तिथली खमेर भाषा बोलणारी स्थानिक सोशल वर्कर गावोगाव विचारत जाते. आई सापडली तर मूल का दिलं, आता काय अडचण आहे, घरात कोण कोण आहे, मूल तिथे सुरक्षित राहील का, हे पाहते. आधी फोन, मग आईची भेट, मग सणाला दोन दिवस घरी, मग सुट्टीभर, आणि मग कायमचं. सोबत शाळेचा खर्च, काही महिने तांदूळ, जमलं तर आईला कमाईचं साधन. सुरुवातीला आठवड्याला भेट, पुढे महिन्याला. काम फसतं ते घाईने. देणगीदार चिडून एका दिवसात पैसे थांबवतात, संचालक पोरांना बसमध्ये बसवून घरी धाडतो आणि सहा महिन्यांत ती दुसऱ्या संस्थेत सापडतात. म्हणून आज लगेच देणगी बंद करा, असं मी म्हणत नाही. मुलांना घरी पोचवण्याची योजना संस्थेकडे मागा आणि पैसे हळूहळू तिकडे वळवा. एका टीमच्या विमानतिकिटांत अशा सोशल वर्करचा कित्येक महिन्यांचा पगार निघतो.

जायचंच असेल तर मुलांपासून लांबचं काम घ्या. नर्स असाल तर तिथल्या बायकांना शिकवा, हिशेब येत असेल तर वह्या लावून द्या, प्लंबर असाल तर पाण्याची टाकी बघा. मुलांच्या खोल्यांत जाऊ नका, एकट्याने मुलाबरोबर थांबू नका, चेहऱ्याचे फोटो टाकू नका.

अशा टीमसाठी ज्यांची नावं दिली गेली आहेत, त्यांनी टीमच्या लीडरला आजच विचारा. किती मुलांचे आईवडील हयात आहेत? गेल्या वर्षी किती मुलं घरी गेली? संस्थेची सरकारदरबारी नोंद आहे का? आमचे पोलिस पडताळणीचे दाखले कुणी मागितले का? उत्तरं मिळाली नाहीत तर तिकीट रद्द करा. रद्द करण्याचे पैसे कापले गेले तरी करा.