कोड लिहिणं स्वस्त झालं, वाचणं नाही

एआय कोडिंगवरून सध्या दोनच गट भांडताना दिसतात. एकाच्या मते प्रोग्रामर संपला, दुसऱ्याच्या मते हे सगळं चार दिवसांचं फॅड. दोघांचंही लक्ष कोड लिहिण्यावर. खरी कोंडी मात्र पुढच्या पायरीवर झालीय. एजंट (सांगितलेलं काम स्वतः कोड लिहून करणारं एआय टूल) अर्ध्या तासात 800 ओळींचा पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘हा बदल तपासून मूळ कोडमध्ये घ्या’ अशी विनंती) टाकतो, आणि तो वाचणाऱ्याचा वेग होता तेवढाच आहे.

उदाहरण घ्या. ‘पेमेंटची रिक्वेस्ट टाइमआउट झाली तर पुन्हा पाठव’ असं एजंटला सांगितलं. तो सुबक कोड देतो: तीन प्रयत्न, दर वेळी आधीच्या दुप्पट थांबणं, लॉगिंग, वर तो कोड तपासणाऱ्या टेस्टसुद्धा. पण टाइमआउट म्हणजे पेमेंट फसलं असं नव्हे, फक्त उत्तर आलं नाही. पैसे कापले गेलेले असू शकतात. म्हणून प्रत्येक व्यवहारासोबत आयडेम्पोटन्सी की (त्या व्यवहाराची वेगळी ओळखखूण) पाठवतात. तीच की पुन्हा आली तर समोरचा सर्व्हर दुसऱ्यांदा पैसे कापत नाही. गंमत म्हणजे ही की अनेकदा कोडमध्ये असतेही, फक्त लूपच्या (दर प्रयत्नाला पुन्हा चालणाऱ्या भागाच्या) आत तयार होते. दर प्रयत्नाला नवी की, म्हणजे सर्व्हरच्या लेखी दर वेळी नवा व्यवहार! ती ओळ लूपच्या बाहेर हवी. शिवाय रिक्वेस्ट जाण्याआधी की डेटाबेसमध्ये साठवायला हवी, नाहीतर प्रोसेस मध्येच पडून पुन्हा उठली की तोच घोळ. टेस्ट हिरव्याच राहतात, म्हणजे पास होतात, कारण त्यातला नकली सर्व्हर की बघतच नाही. आणि त्या टेस्टही त्याच एजंटने, त्याच समजुतीवर लिहिलेल्या.

पूर्वी कच्चा कोड कच्चा दिसायचा. वाकडीतिकडी नावं, अर्धवट कॉमेंट दिसल्या की रिव्ह्यू करणारा सावध व्हायचा. आता चुकीचा कोडही नीटनेटकाच येतो.

मेटर (METR) या एआयची चाचणी करणाऱ्या संस्थेने 2025 मध्ये 16 अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरांना त्यांच्याच प्रोजेक्टमधली 246 कामं दिली. एआय वापरायची मुभा असलेल्या कामांना 19 टक्के जास्त वेळ लागला. त्यांना स्वतःला मात्र वाटत होतं की आपण 20 टक्के जास्त वेगात होतो. टूल्स तेव्हाची, प्रोजेक्ट मोठे आणि ओळखीचे. त्यामुळे हा आकडा सगळ्यांना लावू नये. पण ‘मला फास्ट वाटतं’ हा पुरावा नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

मग वापरायचं कसं? आधी कोड मागूच नका, प्लॅन मागा: कोणत्या फाइल बदलणार, कोणत्या नाही, चूक झाली तर काय होणार. प्लॅनमधली चूक दहा मिनिटांत निघते, पीआरमधली अर्धा दिवस खाते. एका पीआरमध्ये एकच बदल. माझ्या मते 300 ओळींच्या वर गेला की न वाचता परत पाठवावा, मग तो माणसाचा असो वा एजंटचा. डिफ (जुन्या आणि नव्या कोडमधला फरक) वाचताना सुरुवात टेस्ट फाइलींपासून करा. टेस्ट पास होत नसेल तर एजंट कधी अट सैल करतो, कधी टेस्ट स्किप करतो, कधी एक्सेप्शन पकडून गिळून टाकतो. कोड आणि टेस्ट एकाच कमिटमध्ये (एकत्र नोंदवलेल्या बदलात) बदलले असतील तर का, ते विचारलंच पाहिजे.

नवं पॅकेज (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) आलं तर रजिस्ट्रीवर, म्हणजे अशी पॅकेजं जिथे नोंदवलेली असतात तिथे, जाऊन बघा. मॉडेल अस्तित्वात नसलेली नावं सुचवतं, आणि तशी नावं आधीच नोंदवून त्यात घातक कोड भरून ठेवता येतो. याला स्लॉपस्क्वॉटिंग म्हणतात. आणि एजंट एकाच चुकीभोवती तिसऱ्यांदा फिरायला लागला की वाद घालू नका. शेवटच्या चांगल्या कमिटवर परत या, नवं सेशन उघडा, चार ओळींत परिस्थिती सांगा. जुन्या चॅटमधले फसलेले प्रयत्न त्याला परत त्याच वाटेवर ढकलतात.

ज्युनियरांचा प्रश्न वेगळा आणि जास्त अवघड. ज्या छोट्या बगमधून हात बसायचा, ते आता एजंटकडे जातात. त्यांना नुसतं ‘एआय वापरू नका’ सांगून भागणार नाही. एजंटचा पीआर त्यांच्याकडे द्या आणि मर्ज करण्याआधी (मूळ कोडमध्ये मिसळण्याआधी) तो कुठे मोडेल ते दाखवणारी एक टेस्ट लिहायला सांगा.

आणि मॅनेजर मंडळी, किती टक्के कोड एआयने लिहिला हे मोजणं थांबवा. पीआर उघडल्यापासून मर्ज होईपर्यंत किती वेळ गेला, आणि मर्ज झालेल्यांपैकी किती दोन आठवड्यांत रिव्हर्ट करावे, म्हणजे मागे घ्यावे लागले, हे दोन आकडे काढा. टूल आणण्याआधीचे तीन महिने आणि नंतरचे तीन महिने शेजारी ठेवा, मग लायसन्स वाढवायचं की नाही ते ठरवा.